घरचे इंग्रजी : फराळाच्या ताटातले व्याकरण

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या माणसापुढे व्याकरणाचे पुस्तक उघडणे म्हणजे शुद्ध अरसिकपणा, असे कोणीही म्हणेल. पण वाचकहो, आज पुस्तक उघडायचेच नाही. समोरच्या ताटाकडे नीट पाहिले म्हणजे पुरे. ताटात दोन लाडू आहेत, चार चकल्या आहेत, तीन करंज्या आहेत आणि एका कोपऱ्यात चिवडा आहे. आता सांगा, चिवडे किती आहेत? प्रश्न ऐकून घरातले शेंडेफळसुद्धा हसेल. चिवडा कधी कोणी मोजतो का? तो मुठीने, वाटीने नाही तर किलोने घ्यायचा. लालबागच्या चिवडा गल्लीत जाऊन ‘अर्धा किलो चिवडा द्या’ असे आपण म्हणतो. ‘पन्नास चिवडे द्या’ असे म्हटले तर दुकानदार आपल्याकडे निरखून पाहील.

झाले! आजच्या धड्याचा पाया एवढाच. जगातल्या वस्तूंचे इंग्रजी भाषेने दोन ढीग केले आहेत. एक मोजण्याचा, दुसरा मापण्याचा. लाडू, चकली, करंजी मोजण्याच्या ढिगात. चिवडा, शेव, तूप, साखर मापण्याच्या ढिगात. पहिल्या ढिगाला ‘मेनी’ लावायचे, दुसऱ्याला ‘मच’. ‘हाउ मेनी लाडूज?’ पण ‘हाउ मच चिवडा?’ आपल्या मराठीत दोहोंना एकच ‘किती’ आणि एकच ‘पुष्कळ’ पुरते. इंग्रजीत ते पुरत नाही.

कोणी म्हणेल, ‘हे तर पाचवीतल्या पोराला ठाऊक आहे.’ ठाऊक आहे खरे. मग ‘हाउ मेनी मनी?’ असे चांगली शिकलीसवरलेली माणसे का विचारतात? कारण ढीग कोणता हे आपण मराठीच्या डोळ्यांनी ठरवतो. मराठीत ‘पैसे’ अनेकवचनी. ‘पैसे आले, पैसे गेले’ असे आपण म्हणतो. इंग्रजीत ‘मनी’ मापण्याच्या ढिगात. नोटा मोजाव्यात, नाणी मोजावीत, रुपये मोजावेत. पण ‘मनी’ मापावे. तसेच केसांचे. मराठीत ‘केस वाढले’, इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकवचनी ‘हेअर’. ‘हर हेअर्स आर लाँग’ असे लिहिले, तर सुटे सुटे केस मोजायला बसल्यासारखे वाटते.

स्वयंपाकघरात तर याहून गंमत आहे. आपण तांदूळ ‘निवडले’ म्हणतो, पोहे ‘भिजवले’ म्हणतो, गहू ‘दळून आणले’ म्हणतो. सारी अनेकवचने. तांदळाचा भात झाला की मात्र ‘भात शिजला’, एकवचन. पोह्यांचा चिवडा झाला की ‘चिवडा झाला’, पुन्हा एकवचन. इंग्रजीत ‘राइस’ डब्यात असो की पानात, तो एकवचनीच. बरे, इंग्रजांच्या या वाटणीला काही तर्क असावा, तर तोही नाही. गव्हाला ते ‘व्हीट’ म्हणतात ते एकवचनी, आणि ओट नावाच्या धान्याला ‘ओट्स’ म्हणतात ते अनेकवचनी. दाणा इथे आणि तिथे जवळपास सारखाच! तेव्हा अशा बाबतीत तर्क लढवू नये. सासरच्या चालीरीतींसारखे आहे हे. ‘असे का?’ म्हणून वाद घालण्यापेक्षा पाहून ठेवलेले बरे.

म्हणून मापण्याच्या ढिगातले पाच शब्द मुलांकडून आजच पाठ करून घ्या. ‘इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, न्यूज, लगेज, फर्निचर’. यांना अनेकवचनाचा ‘स’ लागत नाही. ‘न्यूज’च्या शेवटी ‘ज’ ऐकू येतो म्हणून फसू नका, तीही एकवचनीच. मराठीत सल्ले अनेक मिळतात, बातम्या अनेक येतात. इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’ एकच, कितीही जणांनी दिला तरी. सुटा सल्ला मोजायचाच असेल, तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’, म्हणजे सल्ल्याचा एक तुकडा, असे म्हणायचे. दादरच्या रानडे रोडवर दिवाळीची खरेदी करायला जाल, तेव्हा दुकानांच्या पाट्यांवर ‘फर्निचर्स’ कुठे दिसते का, ते मुलांना शोधायला सांगा. खरेदी लांबली तरी मुले कंटाळणार नाहीत.

आणखी एक बारकावा. ‘मच’ आणि ‘मेनी’ हे शब्द प्रश्नात आणि नकारात शोभतात. ‘आय हॅव मच वर्क’ हे व्याकरणाने चुकीचे नाही, पण कानाला अवघडल्यासारखे लागते. साध्या होकारात इंग्रज माणूस ‘अ लॉट ऑफ’ म्हणतो. ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क.’ या ‘अ लॉट ऑफ’चा गुण असा की तो दोन्ही ढिगांना चालतो. लाडवांनाही आणि चिवड्यालाही.

आता थोडे मागे वळून पाहू. मुंबईत जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी (१८१४–१८८२) मराठीचे व्याकरण १८३६ मध्ये छापून प्रसिद्ध केले. आपली भाषा नियमांत कशी मांडावी हे त्यांनी दाखवले. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ घरोघर गेली. गिरगावातल्या आणि दादरच्या कित्येक आजोबांचे इंग्रजी त्याच पाठमालेवर पोसलेले. त्यानंतर शाळांतून आले ‘रेन अँड मार्टिन’. त्यातले पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही साहसकादंबरी लिहिणारेच बरे का! ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते. या पुस्तकांनी मोजण्याची आणि मापण्याची विशेषणे वेगळी करून दाखवली, वाक्यांमागून वाक्ये घोटून घेतली. पुढे शिकवण्यांच्या घाईत वाक्ये गळाली आणि वहीत शब्दांच्या जोड्या तेवढ्या उरल्या. ‘सम’ म्हणजे काही, ‘फ्यू’ म्हणजे काही, ‘एनी’ म्हणजेही काही! तीन वेगळ्या शब्दांवर एकच ‘काही’ चिकटवला, की पुढचा घोटाळा अटळ आहे.

त्यातला सर्वांत मोठा घोटाळा ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ या दोघांचा. हा भाग मात्र हातातली चकली खाली ठेवून वाचावा.

‘फ्यू’ मोजण्याच्या ढिगाचा, ‘लिटल’ मापण्याच्या. इथपर्यंत ठीक. पण त्यांच्यामागे एक इवलासा ‘अ’ कधी असतो, कधी नसतो. तो असला तर अर्थ होतो ‘थोडे आहे’. तो नसला तर अर्थ होतो ‘फारसे नाही’. ‘अ फ्यू गेस्ट्स केम’ म्हणजे थोडे पाहुणे आले. चहाचे आधण ठेवा. ‘फ्यू गेस्ट्स केम’ म्हणजे पाहुणे फारसे आलेच नाहीत. केलेले लाडू उरले. ‘देअर इज अ लिटल मिल्क’ म्हणजे थोडे दूध आहे, चहापुरते होईल. ‘देअर इज लिटल मिल्क’ म्हणजे दूध फारसे नाही, पिशवी आणायला कोणाला तरी पिटाळा.

पातेल्यात दूध तेवढेच आहे, हे लक्षात घ्या. दारात आलेले पाहुणेही तेवढेच. आकडा बदललेला नाही, बोलणाऱ्याची नजर बदलली आहे. एकाने जे आहे त्याकडे पाहिले, दुसऱ्याने जे नाही त्याकडे. मराठीत आपण हे काम उघडपणे करतो. ‘फारसे नाही’ असे म्हणताना ‘नाही’ तोंडाने उच्चारतो. इंग्रजीने हा ‘नाही’ शब्दाच्या पोटात लपवून ठेवला आहे. ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ हे वरून होकारार्थी दिसतात, आतून नकारार्थी असतात.

पुरावा हवा? इंग्रजीत वाक्याच्या शेवटी ‘नाही का?’ या अर्थाचे शेपूट लावतात. वाक्य होकारी असेल तर शेपूट नकारी, वाक्य नकारी असेल तर शेपूट होकारी. आता पाहा. ‘अ फ्यू गेस्ट्स केम, डिडन्ट दे?’ पण ‘फ्यू गेस्ट्स केम, डिड दे?’ ‘फ्यू’च्या वाक्याला इंग्रज माणूस नकारी वाक्याचे शेपूट लावतो. चोर असा शेपटीवरून सापडतो!

हा केवळ परीक्षेतल्या एका गुणाचा प्रश्न नाही. परळ म्हणजे इस्पितळांचे गाव. के. ई. एम. इस्पितळ तिथे १९२६ पासून आहे, टाटा मेमोरियल १९४१ पासून. गावोगावची माणसे तिथे उपचारांसाठी येतात, आणि आजारी माणसाचा एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी असते. समजा, उशाशी बसलेल्या भाच्याने रात्री डॉक्टरांचे बोलणे ऐकले. डॉक्टर म्हणाले, ‘थोडी आशा आहे.’ भाच्याने अमेरिकेतल्या मामेभावाच्या सासरच्या मंडळींना, ती अमराठी म्हणून, फोनवर इंग्रजीत कळवले, ‘देअर इज लिटल होप.’ एका ‘अ’ची काटकसर! तिकडे वाचणाऱ्यांनी अर्थ घेतला तो असा की आता आशा उरली नाही. त्या रात्री त्या घरात दिवा लागला असेल, पण कोणाच्या घशाखाली घास उतरला नसेल. उलटेही होऊ शकते. डॉक्टरांनी इंग्रजीत ‘लिटल होप’ म्हणावे, आणि घरच्यांनी ‘थोडी का होईना, आशा आहे’ असे समजून शेवटच्या भेटीला येऊ पाहणाऱ्यांना थांबवून ठेवावे. एवढासा ‘अ’, पण त्याच्या एका बाजूला आशा आहे आणि दुसऱ्या बाजूला निरोप.

मग साध्या माणसाने करावे काय? उपाय आपल्याच भाषेत आहे. मनात मराठी वाक्य स्वच्छ उभे करा. ‘थोडे आहे’ असे म्हणायचे असेल तर ‘अ’ विसरू नका. ‘फारसे नाही’ म्हणायचे असेल तर ‘फ्यू’, ‘लिटल’च्या भानगडीत न पडता सरळ ‘नॉट मेनी’ किंवा ‘नॉट मच’ म्हणा. ‘नॉट मेनी गेस्ट्स केम.’ ‘देअर इजन्ट मच मिल्क.’ इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात बहुधा असेच म्हणतो. नकार उघड झाला की गैरसमजाला जागा राहत नाही. आणि ‘थोडेच’ म्हणायचे असेल तर ‘ओन्ली अ फ्यू’. मात्र ‘क्वाइट अ फ्यू’ ऐकले तर दचकू नका. त्याचा अर्थ थोडे नव्हे, चांगले पुष्कळ!

आता ‘सम’ आणि ‘एनी’. होकारात ‘सम’, नकारात आणि प्रश्नात ‘एनी’, असा शाळेतला नियम. नियम बरोबर आहे, पण दारी आलेल्या पाहुण्यापुढे तो थांबतो. पाहुण्याला ‘वुड यू लाइक सम टी?’ असेच विचारावे. प्रश्न असूनही ‘सम’ का? कारण उत्तर ‘हो’ यावे अशी आपली इच्छा असते. मराठीत ‘चहा घेणार का?’ आणि ‘चहा घ्याल ना?’ यांत जो फरक, तोच इथे. पहिला प्रश्न ऐकून भिडस्त पाहुणा ‘नको’ म्हणतो, दुसरा ऐकून बसतो. घरच्या गृहिणीला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत तिने तोच ‘ना’ ‘सम’मध्ये घालावा.

होकारी वाक्यातही ‘एनी’ येतो, तेव्हा तो ‘ही’चे काम करतो. ‘कोणीही येईल’ म्हणजे ‘एनीवन’, ‘कोणीतरी येईल’ म्हणजे ‘समवन’. ‘कोणतीही बस पकडा’ म्हणजे ‘टेक एनी बस’. ‘ही’ला ‘एनी’, ‘तरी’ला ‘सम’. एवढी जोडी ध्यानात ठेवली तर अर्धा धडा संपला. वाटून देताना आपण ‘प्रत्येकी दोन लाडू’ म्हणतो, त्याला इंग्रजीत ‘टू लाडूज ईच’. आणि ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हणताना मराठीत मित्र अनेकवचनी असतो, तसाच तो इंग्रजीतही असावा. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’, ‘वन ऑफ माय फ्रेंड’ नव्हे.

‘कमी’चीही अशीच दोन घरे आहेत. मोजण्याच्या वस्तूंना ‘फ्यूअर’, मापण्याच्या वस्तूंना ‘लेस’. ‘फ्यूअर लाडूज, लेस चिवडा.’ पण हा नियम फार जुना नव्हे. रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रजाने १७७० मध्ये आपली आवड म्हणून तो सुचवला, आणि पुढच्या मास्तरांनी त्याचा कायदा केला. त्याआधी शेकडो वर्षे इंग्रज लोक मोजण्याच्या वस्तूंनाही ‘लेस’ लावीत होते. आजही दुकानांत ‘टेन आयटेम्स ऑर लेस’ अशा पाट्या लागतात आणि त्यावर वाद होतात. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानांच्या साखळीने २००८ मध्ये या वादाला कंटाळून ‘अप टू टेन आयटेम्स’ अशी पाटी करायचे ठरवले. तेव्हा बोलताना ‘लेस’ निसटला तर आकाश कोसळत नाही. अर्जात आणि परीक्षेत मात्र ‘फ्यूअर’ लिहावे.

शेवटचा मुद्दा आमच्या गिरगाव-लालबागच्या चाळकऱ्यांसाठी. घरोघर हल्ली पुनर्विकासाची चर्चा आहे, आणि तिचे कागद बहुधा इंग्रजीत येतात. समजा, नोटिशीत वाक्य आहे, ‘ऑल द टेनंट्स हॅव नॉट साइन्ड.’ याचा अर्थ काय? एकाही भाडेकरूने सही केली नाही, की सर्वांनी केलेली नाही, काहींची राहिली आहे? वाक्य दोन्हीकडे झुकते. मराठीतही ‘सगळ्यांनी सह्या केल्या नाहीत’ हे वाक्य असेच डळमळते; पण आपण ‘च’ लावून सांभाळतो. ‘कोणीच केली नाही’ किंवा ‘सगळ्यांनीच केलेली नाही’. इंग्रजीत यासाठी दोन वेगळी वाक्ये आहेत. एकानेही केली नसेल तर ‘नन ऑफ द टेनंट्स हॅज साइन्ड’. काहींची राहिली असेल तर ‘नॉट ऑल द टेनंट्स हॅव साइन्ड’. ‘नॉट’ हा ‘ऑल’च्या आधी आला की संशय फिटतो. दोघांपैकी एकही नाही, असे सांगायचे असेल तर ‘बोथ’ नको, ‘नायदर’ हवा.

अशा कागदांत ‘नॉट लेस दॅन’ हे शब्दही भेटतात. ‘नाही’ आणि ‘कमी’ एकापुढे एक पाहून काहींना वाटते की मर्यादा वरची आहे. ती खालची असते. ‘नॉट लेस दॅन फिफ्टीवन पर्सेंट’ म्हणजे किमान ५१ टक्के. मुंबईतल्या उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी भाडेकरूंच्या संमतीची अट एवढीच, किमान ५१ टक्क्यांची आहे. आणि ‘सम टेनंट्स’ला अमुक मिळेल असे लिहिले असेल, तर ‘एव्हरी टेनंट’ला मिळेल असे समजून पेढे वाटू नयेत. ‘एव्हरी’ म्हणजे एकही न वगळता. ‘सम’मध्ये आपण आहोत की नाही, हे सही करण्यापूर्वी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. डोक्यावरचे छप्पर ज्या कागदावर ठरते, त्यातला एकेक शब्द कोणाकडून तरी समजून घेणे हा शहाणपणा आहे.

घरात कोणी इंग्रजी शाळेत शिकत असेल, तर अशा कागदांशी त्या मुलाची गाठ घालून द्या. त्याला ‘फ्यू’ येत असेल, तुम्हांला ‘फारसे नाही’ येते. दोघे मिळून वाचाल तर नोटीस कळेल आणि धडाही होईल. आपले इंग्रजी कच्चे म्हणून लाजून गप्प बसणाऱ्या आई-वडिलांना एवढेच सांगावेसे वाटते की या शब्दांचे सारे बारकावे तुमच्या मराठीत आधीच आहेत. ‘च’, ‘ही’, ‘तरी’, ‘ना’ हे चार टिकल्यांएवढे शब्द तुम्ही दिवसभर बिनचूक वापरता. तीच नजर इंग्रजीत न्यायची आहे.

आता फराळानंतरचा गृहपाठ. पुढील पाच वाक्ये मुलांकडून इंग्रजीत करून घ्यावीत. मोठ्यांनीही करून पाहावीत. घरच्या घरी पैज लावण्यास हरकत नाही.

१. आमच्याकडे थोडी साखर आहे.
२. या गल्लीत फारशी दुकाने नाहीत.
३. तुम्ही लाडू घ्याल ना?
४. सगळ्यांनीच वर्गणी दिलेली नाही.
५. माझ्या बहिणींपैकी एक दादरला राहते.

उत्तरे इथेच देतो, म्हणजे पुढच्या अंकापर्यंत कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. पहिले, ‘वुई हॅव अ लिटल शुगर’. दुसरे, ‘देअर आरन्ट मेनी शॉप्स इन धिस लेन’. ‘देअर आर फ्यू शॉप्स’ लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण. तिसरे, ‘वुड यू लाइक सम लाडूज?’ चौथे, ‘नॉट एव्हरीवन हॅज पेड द सबस्क्रिप्शन’. पाचवे, ‘वन ऑफ माय सिस्टर्स लिव्ज इन दादर’. शेवटच्या ‘लिव्ज’चा ‘ज’ गाळला तर अर्धा गुण कापावा, कारण राहते ती एकटीच.

पाचही बरोबर आली त्याला एक अनारसा जास्त द्यावा. अनारसे मोजण्याच्या ढिगातले, तेव्हा हिशेबाला सोपे. चुकली त्याला चिवडा द्यावा, आणि तो मात्र न मोजता. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.